हीटर बदलण्याआधी आधीची दुरुस्ती तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींच्या देखभालीविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, त्यात इंजिन तापणे, ब्रेक, टायर आणि मायलेज यांना भरपूर जागा मिळते; हीटरचा उल्लेख हिवाळ्याच्या तोंडावर एखाद्या ओळीत होतो आणि तिथेच संपतो. त्यातही, नुकतीच दुरुस्त करून आणलेल्या गाडीचा हीटर अचानक थंड पडला तर दोष कुठून शोधायला लागायचे, हे सामान्य गाडीमालकाला कोणीच सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात हा अनुभव मी स्वतः घेतला आणि एका घाईच्या निदानापायी गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ थोडक्यात टळली. त्यातून जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गाडीच्या वॉटर पंपातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारा द्रव, झिरपत होते. गॅरेजमध्ये पंप बदलला, त्याच्याबरोबर थर्मोस्टॅट (कूलंटच्या वाटेतली तापमानावर चालणारी झडप) बदलला, नवे कूलंट भरले आणि दोन दिवसांनी गाडी ताब्यात मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन मी निघाले. थोड्याच वेळात तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन स्थिरावला, तरी हीटरमधून गार हवाच येत राहिली. चढ लागला, इंजिनाला रेस द्यावी लागली, तेव्हा मिनिटभर ऊब जाणवली. सिग्नलला थांबताच पुन्हा गार. डॅशबोर्डच्या मागून, आईच्या पायांच्या बाजूने, तांब्याने पाणी ओतावे तसा खळखळ आवाज येत होता. समोरची काच आतून धुरकट होऊ लागली आणि आई शालीच्या टोकाने ती पुसत राहिली. थंडीत काचेवरचे बाष्प घालवायला हीटरची गरम हवा लागते, त्यामुळे तो बंद पडणे ही केवळ गैरसोय नसून समोरचे न दिसण्याइतकी गंभीर बाब आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

गॅरेजमध्ये परत गेले तेव्हा गाडीचे बॉनेटही न उघडता मला सांगण्यात आले, "ताई, हीटर कोअर चोक झालाय. डॅशबोर्ड खोलून नवीन बसवावा लागेल, चार दिवस धरा." हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटर. बऱ्याच गाड्यांत तो बदलायचा म्हणजे स्टिअरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळे सोडवावे लागते, आणि पुन्हा जोडताना एखादी क्लिप तुटली की नवी कटकट मागे लागते. मी होकार देणार होते. पण एक प्रश्न मनातून जाईना. दुरुस्तीच्या आदल्या दिवसापर्यंत हीटर व्यवस्थित चालत होता. मग तो नेमका दुरुस्तीच्याच दिवशी चोक कसा झाला?

दुसऱ्या एका वयस्क मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यांनी हत्यार हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. हीटर आधी चालत होता का? दुरुस्तीत काय काय उघडले? आणि कूलंट किती लिटर बसले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि बिलावरही नव्हते. माझ्या मते संपूर्ण निदान त्या तिसऱ्या प्रश्नात होते. कूलिंग सिस्टिममध्ये एकूण किती लिटर मावते हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. सगळे कूलंट काढून पुन्हा भरताना त्या आकड्यापेक्षा बरेच कमी बसले, तर उरलेल्या जागेत हवा भरलेली आहे, दुसरे काही असू शकत नाही. (पूर्ण निचरा झाला नसेल तर थोडे जुने कूलंट आत राहते, हे त्यात धरावे लागते.)

इथे हीटरचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीतील हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये जाते. एरवी ती रेडिएटरमधून बाहेर फेकली जाते. त्यातलाच काही भाग दोन रबरी पाइपांवाटे हीटर कोअरमध्ये आणला जातो आणि त्या कोअरवरून ब्लोअर हवा फुंकतो. म्हणजे हीटर चालण्यासाठी इंजिन पुरेसे गरम व्हायला हवे, ते गरम कूलंट कोअरपर्यंत पोचून परत जायला हवे, आणि कोअरवरून गेलेली हवाच आपल्यापर्यंत यायला हवी. दोष या तीनपैकी एका ठिकाणी असतो. तो कोणत्या ठिकाणी आहे हे काही न खोलता बऱ्याच अंशी ओळखता येते.

माझ्या गाडीत अडलेली होती ती हवा, ज्याला गॅरेजच्या भाषेत एअर लॉक म्हणतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे कोअरमध्ये पाण्याऐवजी हवा असेल तर इंजिन कितीही तापलेले असो, आत ऊब येणार नाही. ही हवा कोअरमध्येच का साठते, याचे कारण साधे आहे. अनेक गाड्यांत हीटर कोअर आणि त्याचे पाइप हा कूलंटच्या वाटेतला उंच भाग असतो आणि हवा नेहमी वर चढते. शिवाय कूलंटला इंजिनातून परत पंपाकडे येण्याच्या एकाहून अधिक वाटा असतात. हीटरची वाट बारीक. तिथे हवेचा फुगा बसला की कूलंट सोप्या वाटेने निघून जाते. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, पंप सावकाश फिरतो, त्याच्या दाबाने तो फुगा हलत नाही. रेस दिली की दाब वाढतो, थोडे कूलंट फुग्याला ढकलत कोअरमधून जाते, मिनिटभर ऊब येते, आणि रेस सोडली की फुगा पुन्हा आपल्या जागी येतो. डॅशबोर्डमागची खळखळ त्याचीच असते. चढावर ऊब आणि सिग्नलला गार, ही मला कोड्यासारखी वाटलेली गोष्ट त्या वयस्क मेकॅनिकना ऐकताक्षणी उमगली होती.

याच्या अगदी उलट लक्षण थर्मोस्टॅटच्या दोषाचे असते आणि हा फरक प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा असे मला वाटते. थर्मोस्टॅट ही मेण भरलेल्या कुपीवर चालणारी झडप आहे. बहुतेक गाड्यांत ती ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते आणि तोवर कूलंटला मुख्य रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडीच अडकली, किंवा कोणी दुरुस्तीच्या वेळी काढूनच टाकली, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये थंड होत राहते. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना हीटर कोमट पडतो आणि गर्दीत उभी राहिली की त्यातल्या त्यात बरा होतो, कारण रेडिएटरवर वारा लागत नाही. एअर लॉकमध्ये उभ्या गाडीत गार आणि रेस दिल्यावर गरम. थर्मोस्टॅटमध्ये वेगात गार आणि उभ्या गाडीत गरम. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर थर्मोस्टॅटच्या दोषात पुष्कळदा पी-०१२८ हा कोड येतो, म्हणजे कूलंट ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने तापण्याचे मूळ कारण झाकले जाते, इंजिन थंड राहून इंधन जास्त जळते आणि थंडीत हीटरही हातचा जातो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावरही फार विसंबू नये. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम अशा बेताने चालवलेला असतो, की तापमान एका पट्ट्यात वर-खाली झाले तरी तो मध्यावरून हलत नाही. त्यातून तापमान मोजणारा सेन्सर हवेच्या फुग्यात सापडला तर त्याला खरे तापमान कळतच नाही. म्हणून दुरुस्तीनंतर हीटर थंड पडला आणि काटा शांत असला, तरी गाडी तशीच पळवत राहणे धोक्याचे आहे. हीटरमध्ये हवा आहे याचा अर्थ इंजिनात कूलंट कमी आहे, आणि ही कमतरता हीटरने इंजिनाच्या आधी जाणवून दिलेली असू शकते.

आता दोन पाइपांची परीक्षा, जी त्यांनी माझ्यासमोर केली. इंजिन पूर्ण गरम झालेले, हीटर पूर्ण गरमवर ठेवलेला, आणि बॉनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारे ते दोन रबरी पाइप. त्यांनी हाताची पालथी बाजू आधी जवळ नेली, मग क्षणभर टेकवली आणि मलाही करायला सांगितले. एक पाइप इतका तापलेला होता की हात ठेववेना. दुसरा, एका वितीच्या अंतरावर, नळाच्या पाण्यासारखा थंड. एवढ्यावरून कूलंट कोअरमधून पार जात नाही हे सिद्ध झाले. मग ते अडवणारी हवा आहे की गाळ, हा पुढचा प्रश्न. खळखळ आणि रेस दिल्यावर येणारी ऊब यांवरून त्यांनी हवेचा कौल दिला. दोन्ही पाइप सारखेच गरम असते तर कूलंटचा दोष नव्हे, केबिनमध्ये येणाऱ्या हवेच्या वाटेतली झडप हलत नाही असे समजायचे. दोन्ही थंड असते तर एकतर इंजिनच गरम होत नाही, किंवा कूलंट फार कमी आहे, किंवा ज्या गाड्यांत हीटरसाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो तो बंद आहे, किंवा पंप फिरत नाही. हाताऐवजी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरला तर अधिक चांगले. मात्र तो रबरावर धरावा, कारण चकचकीत धातूवर त्याचे आकडे चुकतात. हे करताना पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून हात, ओढणी आणि बाह्या दूर ठेवाव्यात; विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

हवा काढण्याचे काम त्यांनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिल्यावर सुरू केले. गाडीचे तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे कूलंट भरायचे तोंड सर्वांत उंच आले. झाकण काढले, नरसाळे बसवले, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर कमीवर ठेवून इंजिन सुरू केले. आधी बारीक बुडबुडे आले, मग बराच वेळ काहीच झाले नाही, आणि मग थर्मोस्टॅट उघडताच नरसाळ्यातले कूलंट एकदम गटकन खाली गेले. ते भरत राहिले. हीटरच्या पाइपावर हवा काढण्याचा एक छोटा स्क्रू होता. हात जपत तो त्यांनी किंचित सैल केला, तर सुरुवातीला नुसता सूंऽऽ असा आवाज, मग थुंकल्यासारखे तुटक थेंब, आणि शेवटी अखंड बारीक धार. धार लागल्यावर स्क्रू आवळला. दोन्ही पाइप गरम झाले होते. सगळे मिळून दीड लिटर कूलंट नव्याने बसले होते. एवढी जागा आत रिकामी असताना माझी गाडी 'पूर्ण झाली' म्हणून मला देण्यात आली होती.

प्रत्येक गाडीची पद्धत एकच नसते. काहींना असा स्क्रू नसतो, काहींत निर्वात पंपाने हवा खेचून मग कूलंट भरावे लागते, तर काहींत विजेवर चालणारा जादा पंप स्कॅनरवरून आज्ञा देऊन फिरवावा लागतो. आपल्या गाडीची पद्धत तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने उघडू नये. बंद सिस्टिममध्ये दाब असतो. वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाबाला साधे पाणीसुद्धा १२० अंशांवर उकळते, आणि झाकण उघडताच तो दाब जाऊन उकळते पाणी तोंडावर उसळते. सांडलेले कूलंटही लगेच धुऊन टाकावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की दुरुस्तीनंतर उद्भवलेला प्रत्येक दोष दुरुस्ती करणाऱ्याच्या चुकीनेच येतो असे नाही. जुनी सिस्टिम धुतली की वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गंज आणि गाळ सुटतो आणि कोअरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो. तेव्हा एक पाइप गरम आणि दुसरा कोमट राहतो, आणि रेस देऊन फारसा फरक पडत नाही. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव कोणी आधी टाकलेले असेल तर तेही नेमके तिथेच बसते. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळल्यानेही काही वेळा चिकट गाळ तयार होतो. अशा कोअरला आधी दोन्ही दिशांनी हलक्या दाबाने पाणी सोडून धुऊन पाहावे, आणि त्यानेही वाट मोकळी झाली नाही तरच तो बदलण्याचा विचार करावा.

हवा एकदा नीट काढूनही पुन्हा पुन्हा साठत असेल तर प्रकरण वेगळे आहे. कुठेतरी गळती असेल, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधले सील) फुटून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल. कूलंट कमी होत राहणे, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येणे, थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत बुडबुडे येणे, ही त्याची लक्षणे. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी घेता येते. ज्वलनाचा वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. ज्या गाडीचा पंप इंजिन तापल्यामुळे बदलला गेला, तिच्या बाबतीत ही चाचणी जरूर करून घ्यावी. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट बाष्प आणि पायाखालचा गालिचा ओला असेल तर कोअरच गळतो आहे. तिथे बदलण्याला पर्याय नाही.

दुरुस्ती इंजिनाची नसून डॅशबोर्डची झाली असेल, म्हणजे टेप बसवला, एसीचे काम केले, तर पाइपांकडे जाण्याआधी आतच पाहावे. गार-गरम हवा मिसळणाऱ्या झडपेची केबल सुटलेली असते, तिच्या छोट्या मोटरीचा कनेक्टर लावायचा राहिलेला असतो, किंवा बॅटरी काढल्यामुळे ती मोटर आपली जागा विसरलेली असते आणि तिला पुन्हा शिकवावे लागते. ब्लोअर फक्त सर्वांत जास्त वेगावरच चालत असेल तर बहुतेक वेळा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो.

गॅरेजचालकांना माझी विनंती एवढीच आहे, की कूलंट उतरवावे लागलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी देण्यापूर्वी इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, आयडलिंगला आणि रेस देऊन हीटरची हवा तपासावी, आणि गाडी थंड झाल्यावर टाकीची पातळी पुन्हा एकदा पाहावी. बिलावर कूलंटचा प्रकार, किती लिटर काढले, किती लिटर बसले आणि हवा कोणत्या पद्धतीने काढली, हे लिहून द्यावे. गाडीमालकांनीही गाडी ताब्यात घेताना तिथेच हीटर लावून पाहावा, मग भर उन्हाळा असला तरी. पुढे काही बिघडले तर ज्याच्या हातात ती गाडी जाईल त्याला सुरुवात कुठून करायची हे त्या बिलावरून कळेल. माझ्या बिलावर 'कूलंट भरले' एवढेच दोन शब्द होते.

आपल्या वृत्तपत्राने अनुभवी मेकॅनिकांकडून या विषयावर, पाइपांच्या आणि हवा काढण्याच्या स्क्रूच्या आकृत्यांसह, एखादा सविस्तर लेख थंडी सुरू होण्यापूर्वी छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक गाडीमालक वाचक